बेडूकमासे वाढवताना, आणि त्यातले काही गमावताना

वळवाचे दोन-तीन पाऊस झाले की कोल्हापूरच्या कडेच्या वस्त्यांत, मोरेवाडी, पाचगाव, फुलेवाडीच्या बाजूला, बांधकामासाठी खणलेल्या खड्ड्यांत पाणी साठतं. रात्री भेकांचा, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकांचा, लांबलचक, एकसुरी आवाज सुरू होतो आणि आठवड्याच्या आत त्या पाण्यात काळे ठिपके वळवळू लागतात. मग पाऊस दडी मारतो. मृग कोरडा जातो, पाणी आटत आटत परातीएवढं उरतं. शेवटी घरातली एखादी मुलगी धावत येऊन सांगते, "आई, खड्ड्यातलं पानी आटाय लागलंय, पिल्लं मरत्यात बघ." बादली निघते, बेडूकमासे घरी येतात. दोन दिवस घरात आनंद असतो. मग एका सकाळी चार-पाच पिल्लं तळाला निपचित पडलेली दिसतात आणि आपलं नेमकं काय चुकलं हे कुणालाच कळत नाही.

हा लेख अशा घरांसाठी आहे. पुष्कळदा काहीच चुकलेलं नसतं. काही वेळा मात्र नक्की चुकलेलं असतं, आणि या दोन प्रकारच्या मृत्यूंत फरक करता येतो. तो करता आला तर पिल्लं जास्त जगतात आणि जी जगत नाहीत त्यांचं ओझं माणूस विनाकारण स्वतःवर घेत नाही.

तक्त्यात न दिसणारा हिशेब

शाळेच्या भिंतीवर बेडकाच्या जीवनचक्राचा तक्ता सगळ्यांनी पाहिलेला असतो. अंडी, बेडूकमासा, पाय फुटलेला बेडूकमासा, बेडूक, आणि मध्ये सारख्या जाडीचे बाण. त्या चित्रात कुणी मरत नाही. जितके निघाले तितके पोचले, असंच मुलांना वाटतं आणि मोठ्यांच्याही मनात तेच राहून जातं.

खरा हिशेब फार वेगळा आहे. आपल्याकडच्या साध्या भेकाची मादी एका वेळी हजारो अंडी घालते. समजा पाच हजार घातली आणि त्यातली शंभरात एकच वाचून मोठी झाली, तरी पन्नास भेक होतात. त्यातल्या पंचवीस माद्या धरा. पुढच्या पिढीत याच हिशेबानं सव्वासहाशे माद्या होतील, त्यापुढच्या पिढीत साडेपंधरा हजारांवर. चार-पाच पिढ्यांत रंकाळा तलावापासून कळंबा तलावापर्यंत पाय ठेवायला जागा उरणार नाही. तसं होत नाही, म्हणजे शंभरात एकही वाचत नाही. भेकांची संख्या वर्षानुवर्षं साधारण तेवढीच राहते तेव्हा एका जोडीनं आयुष्यभर घातलेल्या सगळ्या अंड्यांतून सरासरी दोनच पिल्लं मोठी होऊन पुन्हा अंडी घालायच्या वयाला पोचलेली असतात. फक्त दोन.

बाकीची कुठं जातात? चतुराच्या पाण्यातल्या अळ्या त्यांना खातात, पाणविंचू आणि पाणभुंगे खातात, ढोकरी आणि खंड्या खातो, दिवड खातो. काहींची वाढ अंड्यातच अडते. काही खड्ड्याबरोबर सुकतात. तळ्याकाठचं अर्धं जग या पिल्लांवर पोसलं जातं. म्हणून बेडूक इतकी अंडी घालतो.

तरी घरातलं पिल्लू मेल्यावर जीव हळहळतो, आणि तो हळहळणारच. डबक्यात हजार गेले तरी कुणी पाहत नाही. टबापाशी मात्र आपण सकाळ-संध्याकाळ बसलेले असतो, कुणाची शेपटी जरा तुटकी आहे, कोण खायला पहिल्यांदा येतं, हे ओळखायला लागलेलो असतो. मृत्यू तितकेच असतात किंवा खूप कमीच असतात, फक्त आता ते आपल्या डोळ्यांसमोर होतात. "एवढं काय, बेडूकच की" असं म्हणून मुलाचं रडं थांबवणं मला पटत नाही. त्या मुलानं एका जिवाकडे नीट पाहिलंय, म्हणून त्याला वाईट वाटतंय.

उचलायच्या आधी

प्रत्येक आटणारं डबकं संकटात नसतं. पाणी कमी होऊ लागलं की पुष्कळ जातींचे बेडूकमासे स्वतःच घाई करतात. पाण्याची पातळी, वाढती गर्दी, चढतं तापमान यांचा ताण त्यांच्या मेंदूपर्यंत पोचतो, तिथून संप्रेरकं सुटतात आणि बेडूक होण्याची क्रिया लवकर सुरू होते. अमेरिकेतल्या कोरड्या प्रदेशातल्या स्पेडफूट भेकांवर या यंत्रणेचा बारकाईनं अभ्यास झालेला आहे. घाईची किंमत असते. अशी पिल्लं आकारानं लहान राहतात. पण ती पाण्याबाहेर पडतात. म्हणून मागचे पाय फुटलेली पिल्लं दिसत असतील, आभाळ भरून येत असेल आणि खड्ड्यात वीतभर तरी पाणी असेल, तर एक-दोन दिवस थांबावं. जमलं तर बादलीत रात्रभर उघडं ठेवलेलं पाणी त्याच खड्ड्यात ओतावं आणि एका कडेला पालापाचोळ्याची सावली करावी. जागेवर केलेली मदत घरी आणण्यापेक्षा नेहमी चांगली.

खड्डा उद्या बुजवला जाणार असेल, पाणी चिखलावर आलं असेल, किंवा पिल्लं सिमेंटच्या उभ्या भिंतीच्या हौदात अडकली असतील, तर उचलावीत. ओगराळ्यानं किंवा वाटीनं, पाण्यासकट. जाळीनं गाळू नये, त्यांची कातडी आणि शेपटी फार नाजूक असते. आणि सगळी आणू नयेत. जेवढी नीट सांभाळता येतील तेवढीच घरी आणावीत, बाकीची जवळच्याच दुसऱ्या साठलेल्या पाण्यात, त्याच शिवारात सोडावीत.

पंचगंगेचा पूर ओसरल्यावर अंगणात, पडक्या जागेत डबकी राहतात, त्यांतही पिल्लं असतात. त्या पाण्यात हात घालायचा तर रबरी हातमोजे आणि गमबूट घालूनच, कारण पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. एरवीसुद्धा बेडूकमाशांचं पाणी हाताळल्यावर साबणानं हात धुवायचेच, आणि आधी धुतले असतील तर साबण पूर्ण निघेपर्यंत.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नये. दाजीपूर, गगनबावडा, आंबोलीकडे पावसाळी फिरायला गेल्यावर तिथल्या ओढ्यातली किंवा सड्यावरची, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावरची, पिल्लं बाटलीत भरून आणू नयेत. ओढ्यातल्या पिल्लांना थंड, वाहतं पाणी लागतं, टबात ती टिकत नाहीत. आंबोलीच्या सड्यावरच्या उथळ डबक्यांत वाढणारा पिवळसर पट्ट्यांचा भेक २००९ साली नवीन जात म्हणून नोंदवला गेला. त्याचा जगातला वावर त्याच भागापुरता आहे आणि तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्याच जंगलांत झुडपांवर राहणारे काही इवले बेडूक तर बेडूकमाशाची अवस्थाच गाळतात. त्यांच्या पानावरच्या, मातीतल्या अंड्यांतून थेट छोटा बेडूक बाहेर येतो. तिथं उचलण्याजोगं आपल्यासाठी काहीच नाही.

पाणी

घरात एका रात्रीत सगळी पिल्लं मेली तर दहातल्या नऊ वेळा कारण पाण्यात शोधावं, हे माझं ठाम मत आहे.

पहिलं कारण क्लोरीन. नळाचं पाणी आपल्यासाठी निर्जंतुक केलेलं असतं, बेडूकमाशाच्या कल्ल्यांना मात्र तो क्लोरीन जाळतो. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवलं, अधूनमधून ढवळलं, की तो उडून जातो. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण खोलातून आलेल्या त्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी असतो, म्हणून तेही रात्रभर उघडं ठेवून, एका बादलीतून दुसरीत उंचावरून ओतून वापरावं. सगळ्यात चांगलं म्हणजे सुरुवातीला अर्धं पाणी त्यांच्याच डबक्यातलं असू द्यावं.

दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही. बेडूकमाशाच्या शरीरातला टाकाऊ नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो. मोठा बेडूक त्याचं रूपांतर युरियात करतो, जे कमी घातक असतं. पण ते काम करणारी यकृतातली यंत्रणा बेडूक होता होताच पुरती चालू होते. तळ्यात अमोनिया पसरून जातो, जिवाणू त्याची विल्हेवाट लावतात. टबात तो साठतो. पाणी स्वच्छ, पारदर्शक दिसतं आणि तरी विषारी असतं. पाणी जितकं गरम आणि जितकं अल्कधर्मी, तितका अमोनिया जास्त घातक. उरलेलं खाणं कुजलं की त्यात आणखी भर पडते. म्हणून एक दिवसाआड टबातलं पाव ते एक तृतीयांश पाणी काढून मुरवलेलं, म्हणजे वर सांगितल्यासारखं उघडं ठेवलेलं, पाणी घालायचं. सगळं पाणी एकदम बदलायचं नाही, कारण तापमान आणि क्षार एकदम बदलले तर तो धक्काही पिल्लं सोसू शकत नाहीत. काढलेलं पाणी झाडांना घाला, त्यांना ते चालतं.

तिसरं, हवा. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसात. मे-जूनच्या उन्हात गच्चीवर ठेवलेला टब दुपारी त्याहून कितीतरी तापतो. पिल्लं सारखी वर येऊन तोंड उघडत असतील तर पाणी त्यांना पुरत नाहीये असं समजावं. टब पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या सोप्यात ठेवावा, सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि दुपारची सावली. भांडं उंच आणि अरुंद नको, पसरट हवं, कारण हवा पाण्यात शिरते ती पृष्ठभागातून. दहा लिटर पाण्यात दहा-पंधरापेक्षा जास्त पिल्लं ठेवू नयेत. गर्दीत चार दांडगी भराभर वाढतात आणि बाकीची खुंटतात.

भांड्याबद्दल आणखी एक, आणि हे आपल्या घरांत महत्त्वाचं आहे. तांब्याचं घंगाळ किंवा पितळी पातेलं वापरू नका, ते कितीही देखणं असलं तरी. पाण्यात उतरलेलं तांबं बेडूकमाशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारतं. प्लास्टिकचा टब, काचेची टाकी किंवा चिनीमातीचं भांडं चालेल. हाताला मच्छर पळवणारं मलम, तंबाखूचा चुरा किंवा क्रीम असेल तर तो हात पाण्यात घालू नये. उसाच्या किंवा भाताच्या रानातून भरून आणलेलं पाणी नको, त्यात युरिया आणि तणनाशक उतरलेलं असू शकतं. ग्लायफोसेटच्या काही तणनाशकांत ते पानावर पसरावं म्हणून मिसळलेला साबणासारखा घटक तर कल्ल्यांना थेट इजा करतो.

शेजारी डासांची काळजी करतात आणि ती योग्य आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. टबावर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधावं आणि पाणी बदलताना डासांच्या अळ्या दिसल्या तर गाळणीनं काढाव्यात. कोरडा दिवस पाळणाऱ्या घरात हा टब झाकलेला आणि रोज पाहिलेला असला पाहिजे. अळ्या खायला गप्पी मासे मात्र या टबात सोडू नका, गप्पी लहान बेडूकमाशांनाही कुरतडतात.

खाणं सगळ्यांचं सारखं नसतं

भेकाची पिल्लं काळी, छोटी, कळपानं फिरणारी. ती शेवाळ खरवडतात, सडलेली पानं खातात. त्यांच्यासाठी डबक्यातलाच शेवाळलेला दगड सगळ्यात चांगलं अन्न. जोडीला उकडून मऊ केलेली भाजीची पानं, काकडीची पातळ चकती, माशांचं कुटलेलं खाद्य चिमूटभर. नुसत्या पालकावर ठेवू नये. त्यातल्या ऑक्झलेटमुळे मूत्रपिंडांना त्रास होऊ शकतो. संध्याकाळी उरलेलं चमच्यानं काढून टाकायचं.

पण तुमच्या टबात काचेसारखी पारदर्शक, पाण्याच्या मध्यावर तरंगत राहणारी पिल्लं असतील तर ती इवल्या, अरुंद तोंडाच्या बेडकांची आहेत. त्यांना खरवडायला दातांच्या ओळी आणि चोच नसते. पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ गाळून ती जगतात. त्यांच्यासमोर पालक ठेवला तर ती पालकाशेजारीच उपाशी मरतात. त्यांना डबक्यातलं हिरवट पाणीच रोज थोडं थोडं घालावं लागतं. ते मिळत नसेल तर ही पिल्लं उचलूच नयेत.

आणि थोराड, जबड्यानं मजबूत, एकटी फिरणारी पिल्लं दिसली, ज्यांच्या आसपास इतरांची संख्या रोज कमी होते, तर ती बहुधा पावसाळ्यात पिवळाधमक होणाऱ्या मोठ्या बेडकाची. ती मांसाहारी असतात आणि इतर पिल्लांना खातात, आपल्याच भावंडांनाही. त्यांना वेगळं ठेवा. कुणी कुणाला मारलं म्हणून मुलं चिडतात तेव्हा हे नीट सांगावं लागतं. आटत्या डबक्यात ज्याला लवकर मोठं व्हायचंय त्याच्यासाठी तेच अन्न आहे.

पाय फुटतात तेव्हा

आता सगळ्यात अवघड टप्पा. मागचे पाय आधी दिसतात, हळूहळू, बरेच दिवस. पुढचे पाय कातडीच्या आत तयार होत असतात आणि एके दिवशी बाहेर पडतात. इथून शेपटी जिरेपर्यंतचे थोडे दिवस हे बेडकाच्या आयुष्यातले सगळ्यात धोक्याचे दिवस असतात, आणि वाढवणाऱ्याला सगळ्यात जास्त धक्का याच दिवसांत बसतो. महिनाभर जगलेलं, धष्टपुष्ट पिल्लू, चारही पाय फुटलेलं, सकाळी मेलेलं सापडतं.

का, ते समजून घेऊ. या सगळ्या बदलाचा हुकूम थायरॉइड ग्रंथीकडून येतो. १९१२ साली गुडरनाच या शास्त्रज्ञानं बेडूकमाशांना थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तेव्हा ते वेळेच्या फार आधी, अगदी लहान असतानाच बेडूक होऊ लागले. नंतर दुसऱ्या संशोधकांनी ग्रंथी काढून टाकली, तेव्हा ते बेडूकमासे बेडूकमासेच राहिले आणि वाढतच गेले. या ग्रंथीचं थायरॉक्झिन हे संप्रेरक रक्तात वाढलं की शरीराच्या प्रत्येक भागाला वेगळा निरोप मिळतो. पायांना वाढायचा, शेपटीला मरायचा, कल्ल्यांना मिटायचा, फुप्फुसांना काम सुरू करायचा. शेपूट गळून पडत नाही. तिच्या पेशी ठरवून मरतात, शरीर त्यांतलं अन्न परत घेतं. पोटातून दिसणारं, घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं लांब आतडं आखडतं, कारण पालापाचोळा पचवायला लांब आतडं लागतं आणि किडे पचवायला आखूड पुरतं. तोंडाची चोच गळते, जबडा रुंदावतो, जीभ तयार होते.

हे सगळं चालू असताना पिल्लू खाऊ शकत नाही. ते शेपटीवर जगतं. श्वास घ्यायची जुनी पद्धत बंद पडत असते, नवी पुरती बसलेली नसते. पोहता नीट येत नाही, उडी मारता येत नाही. कुठल्याही एका बदलाची वेळ जराशी चुकली तरी जीव जातो. तो कुणी वाचवू शकत नाही.

आपल्या हातात यातलं एकच आहे, आणि ते पुष्कळ आहे. पुढचे पाय दिसताच त्या पिल्लाला बोट-दोन बोटं पाणी असलेल्या वेगळ्या भांड्यात हलवायचं आणि भांडं एका बाजूनं उचलून तिरकं ठेवायचं. पाण्यातून वर चढायला कौलाचा तुकडा किंवा खडबडीत दगड असा ठेवायचा की उतार पाण्याच्या आत सुरू होईल. गुळगुळीत प्लास्टिकवर ओली, दमलेली पिल्लं चढू शकत नाहीत आणि बुडतात. बेडूक बुडतो यावर लोकांचा विश्वास बसत नाही, पण कल्ले गेलेलं पिल्लू नक्की बुडतं. वर जाळी हवी, खायला काहीही घालू नये आणि सारखं उचलून पाहू नये.

काही पिल्लांचे पुढचे पाय काडीसारखे, वळलेले, अंग न पेलणारे निघतात. त्याचं एकच कारण नसतं, आहार आणि पाणी दोन्हींचा संबंध येतो. पाय एकदा तसे निघाले की दुरुस्त होत नाहीत. त्या पिल्लाला जिवंतपणी फ्रीझरमध्ये ठेवू नये किंवा गटारात टाकू नये. ओळखीच्या पशुवैद्याला विचारून शांतपणे आणि कमी वेदनेत ते संपेल असं करावं. हे करणं कुणालाही जड जातं.

मेलेलं पिल्लू काय सांगतं

आता सुरुवातीचा फरक. रोज एखाद-दुसरं मरत असेल, बाकीची चपळ असतील, खात असतील, तर तो बहुतेक निसर्गाचा हिशेब आहे. विशेषतः पहिल्या आठवड्यात आणि पाय फुटताना. तुम्ही काहीही केलं असतं तरी यातले बरेच वाचले नसते. एका रात्रीत निम्मी गेली तर पाणी तपासा. काय बदललं? नवीन बादली, न मुरवलेलं पाणी, फवारणी, दुपारचं ऊन, कुजलेलं खाणं? उरलेल्यांना ताबडतोब मुरवलेल्या पाण्यात, हळूहळू मिसळत, हलवा. पिल्लांची पोटं फुगत असतील, पायांच्या आतली कातडी लाल दिसत असेल किंवा अंगावर कापसासारखी बुरशी असेल, तर आजार आहे. ती वेगळी काढा, त्यांची वाटी-चमचा वेगळा ठेवा.

ज्यांना शक्य असेल त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात रोज लिहावं. पाणी बदललं, किती गेली, किती बाहेर आली. दुःखाच्या भरात आठवण दगा देते. "सगळीच मरतात" असं वाटत असतं आणि कागदावर दिसतं की तीसातली एकवीस अजून पोहतायत. मुलांसाठी तर ही नोंद फार उपयोगाची, कारण त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी नमुना दिसतो.

मेलेली पिल्लं कुंडीतल्या मातीत पुरावीत. तळ्यात, ओढ्यात टाकू नयेत. मुलाला फूल ठेवावंसं वाटलं तर ठेवू द्यावं. त्याच्या मनात "मी पाणी बदललं नाही म्हणून मेलं का?" असा प्रश्न असतो आणि तो बहुतेक वेळा बोलून दाखवत नाही, तेव्हा आपणच विचारावं. उत्तर खरं द्यावं. पाण्यामुळे गेली असतील तर तसं सांगावं आणि आता काय बदलायचं ते दोघांनी मिळून ठरवावं. पाण्यामुळे नसतील तर तेही ठामपणे सांगावं. खोटा धीर मुलांना कळतो. मोठ्यांनाही हेच लागू आहे. ज्या मृत्यूतून काही बदलता येतं तिथं बदल करावा, आणि ज्यातून काहीच बदलता येत नाही तिथं वाईट वाटू द्यावं, पण त्याला गुन्हा समजू नये.

सोडताना

शेपटीचा खुंट उरला की पिल्लू सोडायला तयार होतं. घरी ठेवायचा मोह आवरावा. छोट्या बेडकाला हलणारं, जिवंत, अगदी बारीक भक्ष्य लागतं, चिलटं, मावा, बारीक मुंग्या, आणि ते रोज पुरवणं घरात जमत नाही. बेडकांच्या काही जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आपण पाळत नसतो, फक्त पुढं पोचवत असतो.

जिथून आणलं त्याच परिसरात सोडावं. याचं कारण आपल्या आवडीपेक्षा मोठं आहे. बेडकांच्या कातडीवर वाढणारी काइट्रिड नावाची बुरशी १९९९ साली ओळखून नोंदवली गेली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार तिच्यामुळे ५०१ जातींची घट झाली आणि त्यातल्या ९० जाती नामशेष झाल्या असाव्यात. ही बुरशी पश्चिम घाटातही आढळली आहे. ती केराटिन, म्हणजे नखं-केस ज्याचे बनतात ते प्रथिन, असलेल्या कातडीवर जगते. बेडूकमाशाच्या अंगावर केराटिन फक्त तोंडाशी असतं, त्यामुळे तो बुरशी घेऊन धडधाकट पोहत राहतो, आणि बेडूक झाल्यावर सगळ्या अंगावर केराटिनची कातडी आली की आजारी पडतो. म्हणजे निरोगी दिसणारं पिल्लू दुसऱ्या तळ्यात सोडून आपण रोग नेऊ शकतो. २०२३ च्या जागतिक मूल्यांकनात उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात असल्याचं दिसलं, तेव्हा ही काळजी घरच्या टबालाही लागू आहे. शहरातली पिल्लं दाजीपुरात नेऊन सोडणं हे पुण्य नाही. रंकाळ्यात तर मासेच त्यांना संपवतील.

दिवस मावळताना, पाऊस पडून गेल्यावर, डांबरी रस्त्यापासून लांब, गवताच्या आणि पाल्याच्या ओलसर जागेत, पाण्याच्या जवळ पण पाण्यात नव्हे, अशी सोडावीत. एकाच ठिकाणी ढीग न करता दोन-चार पावलांवर विखरून. यातलीही बहुतेक पहिल्या वर्षात कुणाच्या तरी पोटात जातील. ते मुलांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. जी राहतील ती दिवसा दगडाखाली, कुंडीमागे बसतील आणि रात्री अंगणातले किडे, वाळवी, झुरळं खातील. भेक एकदा तगला तर काही वर्षं जगतो आणि त्याला राहायला फार जागा लागत नाही. अंगणाचा एक कोपरा न झाडता, फवारणी न करता, ओला राहील असा सोडला तर पुरे. सिमेंटच्या हौदात फळीचा तुकडा तिरका टाकून ठेवावा, म्हणजे पडलेल्याला वर येता येईल.

शेवटी टब, कौल, चमचा, वाटी सगळं ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुवून कडक उन्हात दोन-तीन दिवस पूर्ण वाळवावं. काइट्रिडची बुरशी कोरडेपणात मरते. ही भांडी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत. माळ्यावर वेगळी ठेवावीत, पुढच्या वळवाला लागतील.